बाहुलीशी वाटाघाट

संपादकांना लेख हवा होता यंत्रबुद्धीवर. सिंगापूरमध्ये मधुमेह्यांच्या डोळ्यांचे फोटो संगणक तपासतो, असं त्यांच्या कानावर आलं होतं. ‘आत्याकडे जातेच आहेस, तर बघून ये,’ म्हणाले. संगणक बघायला म्हणून गेले आणि त्याच्या अलीकडेच अडकले. जिथं ते फोटो काढतात त्या अंधाऱ्या खोलीत.

कागदोपत्री इतिहास थोडक्यात सांगून टाकते. मधुमेहात डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात. रुग्णाला बराच काळ पत्ताही लागत नाही आणि दिसायला कमी येईपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून ठरावीक काळानं पडद्याचा फोटो काढायचा. सिंगापूरच्या पॉलिक्लिनिकांत, म्हणजे तिथल्या सरकारी प्राथमिक दवाखान्यांत, हे फोटो पूर्वी तिथले डॉक्टरच बाकीच्या कामांतून वेळ काढून बघत. २०१० मध्ये ‘सिंगापूर इंटिग्रेटेड डायबेटिक रेटिनोपॅथी प्रोग्रॅम’ सुरू झाला. तेव्हापासून फोटो संगणकावरून थेट वाचनकेंद्रात जाऊ लागले. तिथं फक्त फोटो वाचण्याचंच प्रशिक्षण घेतलेली माणसं बसतात.

साठत गेलेल्या या फोटोंवरच सिंगापूर आय रिसर्च इन्स्टिट्यूट आणि तिथल्या राष्ट्रीय विद्यापीठानं ‘सेलेना प्लस’ ही संगणकप्रणाली घडवली. २०१७ च्या डिसेंबरात ‘जामा’ या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात तिच्यावरचा अभ्यास आला. त्यामागे ४,९४,६६१ फोटो होते. मुख्य चाचणीत, तज्ज्ञाकडे पाठवायलाच हवं अशा डोळ्यांपैकी ९०.५ टक्के तिनं हेरले आणि दृष्टीच धोक्यात आलेले तर सगळेच.

आता खोलीकडे. आत्याची वार्षिक तपासणी होती, मी सोबत गेले. कॅमेरा चालवणारी बाई पन्नाशीची, बोलायला मोकळी. तिनं स्टूल वरखाली करून आत्याची हनुवटी टेकणीवर आणली, कपाळ पट्टीला लावायला सांगितलं आणि दिवा मालवला. ‘आँटी, हिरव्या ठिपक्याकडे बघा. पापणी मिटू नका हं.’

नियम सुटसुटीत आहे. प्रत्येक डोळ्याचे दोनच फोटो, प्रत्येकी ४५ अंशांचे. एकात दृष्टीची नस जिथून बाहेर पडते ती चकती मधोमध हवी, दुसऱ्यात बारीक अक्षर वाचणारा मॅक्युला. पण वाटेत बाहुली आडवी येते. पडदा उजळायला प्रकाश आत जाणार बाहुलीतून आणि त्याची प्रतिमा बाहेर येणार तीही बाहुलीतूनच. दोन्ही वाटा एकमेकींत मिसळल्या तर बुबुळावरची चकाकी फोटो खाऊन टाकते. म्हणून कॅमेरा प्रकाश बांगडीसारखा, कडेकडेनं आत सोडतो आणि मधल्या पोकळीतून प्रतिमा उचलतो. एवढ्या व्यवस्थेला बाहुली साधारण चार मिलिमीटर तरी उघडी लागते.

आणि उजेड पडला की आकसायचं, हा तर बाहुलीचा स्वभावच. म्हणून नेम धरायला अवरक्त प्रकाश वापरतात. तो डोळ्याला दिसत नाही, त्यामुळे बाहुलीला सुगावा लागत नाही. मग एकदाच लख्ख फ्लॅश. त्यानंतर मात्र बाहुली मिटते आणि एका डोळ्यावर फ्लॅश मारला तरी आकसतात दोन्ही. घाई केली तर पुढच्या फोटोच्या कडा काळवंडतात.

बाईनं घाई केली नाही. आत्या जेवून आली का, काय जेवली, नातू कितवीत, सगळी चौकशी केली. तेवढ्यात बाहुली पुन्हा मोठी होत होती. दुसऱ्या फोटोत खालच्या कडेला राखाडी सावली आली. ‘पापणी,’ ती म्हणाली. मग बोटानं वरची पापणी अलगद उचलून धरली आणि फोटो परत काढला. एका कोपऱ्यातला ठिपका तिनं निरखून पाहिला, आधीच्या रुग्णाचा फोटो उघडून ताडला. त्यात तो नव्हता. असता, तर ती भिंगावरची धूळ ठरली असती. आत्या म्हणाली, ‘एवढा वेळ तर माझ्या लग्नाच्या फोटोलाही लागला नव्हता गं.’

तसा पूर्वी याहून जास्त लागायचा. १८८६ मध्ये जॅकमन आणि वेबस्टर यांनी जिवंत माणसाच्या पडद्याचा फोटो घेतला, तेव्हा अडीच मिनिटं प्रकाश पाडावा लागला होता. पुढं संशोधनासाठी अमेरिकेत जी कसोटी ठरली, तिच्यात ३० अंशांची सात क्षेत्रं आणि प्रत्येकाची खोली कळावी म्हणून जोडफोटो, म्हणजे एका डोळ्याचे चौदा. त्यासाठी थेंब घालून बाहुली रुंदावायची. संशोधनाला हे परवडतं, रोजच्या रांगेला नाही. दोन फोटोंचा नियम ही तडजोड आहे आणि पडद्याच्या टोकाकडचा भाग तिच्यात सुटतो.

खरी अडचण पुढंच आहे. मधुमेह मुरला की बाहुलीच्या नसाही दुखावतात, ती लहान राहते, अंधारातही पुरती उघडत नाही. मोतीबिंदूही लवकर येतो, फोटोवर धुकं पसरतं. ज्याच्या पडद्याची काळजी सर्वाधिक, त्याचाच फोटो बिघडण्याची शक्यता अधिक. असा फोटो ‘निर्दोष’ म्हणून सोडता येत नाही. सिंगापूरमध्ये न वाचता येणारा फोटो आला की रुग्णाला नेत्रतज्ज्ञाकडे पाठवतात. नियम योग्यच, पण प्रत्येक धूसर फोटो रुग्णालयाच्या रांगेत एक माणूस वाढवतो.

शिस्त ढळली की काय होतं, ते थायलंडमध्ये दिसलं. गुगलची अशीच प्रणाली तिथल्या ११ दवाखान्यांत वापरून पाहिली, त्याचा अहवाल २०२० मध्ये आला. खोली अंधारी करायची सोय त्यातल्या दोनच ठिकाणी होती. १,८३८ फोटोंपैकी २१ टक्के संगणकानं नाकारले. प्रयोगशाळेत हुशार ठरलेलं यंत्र खिडकीच्या उजेडापुढं अडलं आणि रुग्णांना दुसऱ्या दवाखान्याची वारी आली. उलट बाजूही आहे. सिंगापूरची प्रणाली झांबियातल्या १,५७४ रुग्णांच्या फोटोंवर तपासली, तेव्हा तज्ज्ञाकडे पाठवायला हवीत अशी ९२ टक्क्यांवर प्रकरणं तिनं ओळखली. म्हणजे माणूस, देश, वर्ण बदलला तरी यंत्र निभावतं. फोटो वाचण्याजोगा मात्र हवा.

माणसाला पूर्ण हटवण्याचा हिशोबही मांडून झालाय. २०२० च्या एका सिंगापुरी अभ्यासात दर रुग्णामागे वर्षाचा खर्च असा निघाला: फक्त माणसांनी वाचलं तर ७७ अमेरिकन डॉलर, फक्त संगणकानं वाचलं तर ६६ आणि संगणकानं चाळून संशयित फोटो माणसानं पाहिले तर ६२. एकटा संगणक निरोगी लोकांनाही जास्त प्रमाणात तज्ज्ञाकडे धाडतो, तिथं वाचलेले पैसे खर्ची पडतात.

या हिशोबात वाचणारा माणूस मोजला जातो. फोटो काढणाऱ्या बाईचा धीर कुठल्याच रकान्यात बसत नाही. दर रुग्णामागची तिची मिनिटं कापली, तर आधी त्या गप्पा जातील आणि त्यांच्यापाठोपाठ फोटोच्या कडा. आपल्याकडे १० कोटींवर मधुमेही आहेत आणि नेत्रशिबिरं भरतात शाळेच्या खिडक्याखिडक्यांच्या हॉलमध्ये. उद्या एखादी कंपनी जिल्हा परिषदेला असली प्रणाली विकायला आली, तर तिच्या अचूकतेचे आकडे नंतर ऐकावेत. आधी विचारावं, पडदे कोण लावणार, कॅमेरा चालवायला कोणाला शिकवणार आणि त्या माणसाला एका रुग्णासाठी किती मिनिटं देणार.