दीपा कर्माकर आणि प्रोदुनोव्हा

आगरताळ्याच्या दीपा कर्माकरचे तळपाय सपाट होते. जिम्नॅस्टसाठी ही मोठी अडचण. प्रशिक्षक विश्वेश्वर नंदींनी तिला घडवले. 2014च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत तिने व्हॉल्टमध्ये कांस्यपदक मिळवले ते प्रोदुनोव्हा उडीवर. या उडीत धावत येऊन व्हॉल्टच्या टेबलावर हात टेकायचे, हवेत पुढे दोन कोलांट्या घ्यायच्या आणि पायांवर उतरायचे. अंदाज किंचित चुकला तर मानेलाच धोका, म्हणून भल्याभल्या खेळाडू या उडीच्या वाटेला जात नसत. 2016च्या रिओ ऑलिंपिकमध्ये दीपा 15.066 गुणांसह चौथी आली, कांस्य 0.150 गुणाने हुकले. पुढे गुडघ्याची शस्त्रक्रिया, उत्तेजक चाचणीत दोषी आढळल्यामुळे 21 महिन्यांची बंदी. तरीही 2024मध्ये ताश्कंदला ती आशियाई विजेती ठरली. त्याच वर्षी ऑक्टोबरात तिने निवृत्ती घेतली.