अल्पमोली गृहोपयोगी साधने आणि मालकीचा अनुभव : अहिल्यानगर जिल्ह्याच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

गेल्या तीन-चार दशकांत ग्रामीण महाराष्ट्रातील घराचे अंतरंग झपाट्याने बदलले आहे. पाट्या-वरवंट्याची जागा मिक्सरने, जात्याची जागा घरघंटीने आणि तांब्याच्या बंबाची जागा पाणी तापविण्याच्या विजेच्या रॉडने घेतली. या साधनांमुळे विशेषतः स्त्रियांचे कष्ट कमी झाले, ही बाब निर्विवाद आहे. मात्र साधन विकत घेणे आणि ते वर्षानुवर्षे वापरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. खरेदीची किंमत पावतीवर छापलेली असते. वापराची किंमत वीजबिलात, दुरुस्तीत, गेलेल्या दिवसांत आणि क्वचित प्रसंगी जीविताच्या धोक्यातही मोजावी लागते. अर्थशास्त्र, पदार्थविज्ञान, गृहविज्ञान व कायदा या चारही विद्याशाखांशी संबंधित असूनही हा विषय त्यांच्या सीमारेषेवर उपेक्षित राहिला आहे.

लेखाची उद्दिष्टे व मर्यादा

स्वस्त गृहोपयोगी साधनांच्या कार्यक्षमतेवर स्थानिक वीज व पाणी यांचा होणारा परिणाम स्पष्ट करणे, दुरुस्ती व हमी यांविषयीच्या अनुभवाचा विचार करणे आणि ग्राहकास उपलब्ध असलेल्या संरक्षणाची माहिती देणे, ही प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे आहेत. हा सांख्यिकी सर्वेक्षणाचा अहवाल नव्हे. दैनंदिन निरीक्षण, साधनांमागील शास्त्रीय तत्त्वे आणि प्रचलित कायदे यांच्या आधारे केलेले हे विवेचन आहे.

जिल्ह्याची पार्श्वभूमी

२०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याचे नामांतर अहिल्यानगर असे झाले. सुमारे १७,००० चौरस किलोमीटर विस्ताराचा आणि १४ तालुक्यांचा हा जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा आहे. अकोल्याच्या पश्चिम भागात मुसळधार पाऊस पडतो, तर पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड हे तालुके अवर्षणप्रवण आहेत. उत्तरेत प्रवरा-गोदावरीच्या कालव्यांवरील ऊसशेती, तर दक्षिणेत विहिरी व कूपनलिकांवरील कोरडवाहू जीवन, असे हे चित्र आहे. एकाच दुकानातून घेतलेले एकच साधन श्रीरामपूरच्या बंगल्यात व पाथर्डीच्या वस्तीवर सारखेच टिकेल, असे म्हणूनच गृहीत धरता येत नाही.

वीजपुरवठा आणि साधनांचे आयुष्य

श्रीरामपूर, राहुरी परिसरात २०११ पर्यंत मुळा-प्रवरा ही सहकारी संस्था वीज वितरण करीत असे. त्यानंतर ते काम महावितरणकडे आले. २००५ नंतरची काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्राने दीर्घ भारनियमन सोसले. आज भारनियमनाची ती तीव्रता उरलेली नसली, तरी वाहिनीच्या टोकाला असलेल्या वस्त्यांवर कमी दाबाची तक्रार कायम आहे. कृषिपंप एकाच वेळी सुरू झाले की घरातील दिवे मंदावतात, हा तेथील नित्याचा अनुभव होय.

कमी दाबाचा परिणाम प्रत्येक साधनावर वेगळा होतो. पाणी तापविण्याच्या रॉडची उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टला १५०० वॅट शक्ती देणारा रॉड १८० व्होल्टला सुमारे ९२० वॅटच शक्ती देतो. २० लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांपर्यंत तापविण्यास पूर्ण दाबाला साधारण २३ मिनिटे पुरतात. १८० व्होल्टला त्यासाठी ३८ मिनिटे लागतात. येथे केवळ वेळ वाया जातो, साधन बिघडत नाही. मिक्सर व शीतकपाट यांची गोष्ट निराळी आहे. दाब कमी असताना मोटरची ओढ घटते, पाते अडखळते, विद्युतप्रवाह वाढतो आणि वेटोळे तापते. मिक्सरच्या तळाशी असलेली लाल कळ अशा वेळी प्रवाह तोडते. यंत्र थंड होऊ न देता ती कळ पुनःपुन्हा दाबणे म्हणजे मोटर जाळण्यास आमंत्रण देणे होय. शीतकपाटासाठी स्वतंत्र स्टॅबिलायझर घ्यावा लागला, तर ‘स्वस्त’ शीतकपाटाची किंमत तेवढ्याने वाढते. हा हिशेब खरेदीच्या वेळी क्वचितच केला जातो.

या संदर्भात २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा उल्लेख आवश्यक ठरतो. तिच्या प्रारंभीच्या प्रकल्पांपैकी एक याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धी येथे उभारण्यात आला. शेतीला दिवसा स्वतंत्र सौर वीज मिळाली, तर रात्रीचा पंपांचा भार हलका होऊन त्याचा लाभ घरगुती वापरासही होऊ शकतो.

पाण्याचा क्षार : अदृश्य शत्रू

जिल्ह्याचा बहुतांश भाग दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसलेला असून अनेक ठिकाणी विहिरी-कूपनलिकांचे पाणी जड असते. असे पाणी तापविले की कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार रॉडवर पांढऱ्या थराच्या रूपाने साचतात. हा थर उष्णतेस रोखतो. त्यामुळे आतील तार प्रमाणाबाहेर तापते व कालांतराने बाहेरील धातूच्या नळीस तडा जातो. तडा गेलेल्या नळीतून वीज थेट पाण्यात उतरते. साधन ‘चालू’ दिसते, पाणीही तापते. परंतु बादलीत हात घालणाऱ्याच्या जिवावर बेतते.

येथे अर्थिंगचा प्रश्न कळीचा आहे. अनेक जुन्या घरांत तीन पिनांच्या प्लगची जाड पिन काढून तो दोन छिद्रांच्या बोर्डात बसविला जातो. ती जाड पिन म्हणजेच संरक्षण, याची जाणीव नसते. रॉड प्लगपासून विलग केल्याखेरीज पाण्याला स्पर्श न करणे, क्षाराचा थर वेळोवेळी काढणे आणि ३० मिलिॲम्पिअर गळतीस प्रवाह तोडणारे उपकरण मुख्य बोर्डावर बसविणे, हे उपाय फारसे खर्चिक नाहीत.

जलशुद्धीकरण यंत्राबाबतही विवेक हवा. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विद्राव्य घन पदार्थ प्रतिलिटर ५०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकार्य मानले जातात. पर्यायी स्रोत नसल्यास २००० पर्यंत मुभा आहे. ज्या गावाचे पाणी या निकषात बसते, तेथे पाण्याचा मोठा भाग टाकून देणारे आरओ यंत्र घेणे अवर्षणग्रस्त तालुक्यास परवडणारे नाही. आधी पाण्याची तपासणी व मगच यंत्राची निवड, हा क्रम असावा.

दुरुस्ती, हमी आणि मालकाचा अनुभव

प्रस्तुत लेखकाच्या घरी घेतलेला मिक्सर वॉरंटीच्या अकराव्या महिन्यात बंद पडला. विक्रेत्याने सेवा केंद्राकडे बोट दाखविले; ते केंद्र जिल्ह्याबाहेर होते. पावती जपून ठेवली होती, मात्र वॉरंटी कार्डावर विक्रेत्याचा शिक्का नव्हता. अखेर तालुक्याच्या गावातील एका कारागिराने झिजलेले कार्बन ब्रश व भांड्याखालील कपलर बदलून तो अल्प खर्चात सुरू करून दिला. या अनुभवातून दोन गोष्टी लक्षात आल्या. कागदावरील हमी जवळच्या सेवेवाचून निरर्थक ठरते. आणि ज्या साधनाचे सुटे भाग स्थानिक बाजारात मिळतात, तेच खऱ्या अर्थाने स्वस्त असते. पूर्णतः चिकटवून बंद केलेली, उघडताच तुटणारी साधने कारागिराचे कौशल्यच निकामी करतात.

सुट्या भागांबाबत दक्षताही तितकीच महत्त्वाची आहे. प्रेशर कुकरची सुरक्षा झडप ठरावीक तापमानाला वितळून वाफेस वाट देते. तिच्या जागी बनावट झडप बसविल्यास कुकरचा स्फोट होऊ शकतो. घरगुती कुकरवर भारतीय मानक चिन्ह २०२१ पासून सक्तीचे आहे, ते याच कारणास्तव.

वीजबिलाचा विचार केल्यास किमतीचे गणित अधिक उलगडते. ७५ वॅटचा साधा पंखा वर्षात ३६०० तास चालल्यास २७० युनिट वीज घेतो. ३० वॅटचा बीएलडीसी पंखा १०८ युनिट घेतो. प्रतियुनिट ८ रुपये धरल्यास वर्षाकाठी जवळजवळ १,३०० रुपयांची बचत होते. छताच्या पंख्यांवर तारांकन २०२३ पासून बंधनकारक झाले आहे. तरीही दुकानात पहिला प्रश्न किमतीचाच विचारला जातो.

ग्राहकाचे संरक्षण

महाराष्ट्रात ग्राहक चळवळीची परंपरा जुनी आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली. त्यानंतर १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून अमलात आहे. त्यानुसार ग्राहकास आपल्या निवासाच्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते, मुदत दोन वर्षांची आहे आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाही. सदोष वस्तूमुळे इजा झाल्यास उत्पादकाचे दायित्वही मान्य करण्यात आले आहे. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक आहे. मात्र आठवडे बाजारात पावतीविना घेतलेल्या वस्तूची खरेदी सिद्ध करणेच कठीण जाते, हे वास्तव नाकारता येत नाही.

निष्कर्ष

१) स्वस्त साधनाची खरी किंमत ही खरेदी, वीज, दुरुस्ती व आयुष्य यांच्या बेरजेतून ठरते.
२) कमी दाब व जड पाणी या स्थानिक घटकांचा विचार न करता केलेली निवड तोट्याची ठरते.
३) सदोष अर्थिंग ही आर्थिक नव्हे, तर जीवितसुरक्षेची समस्या आहे.
४) स्थानिक कारागीर हा या व्यवस्थेचा कणा असून त्याच्या कौशल्यास प्रशिक्षणाची जोड मिळावयास हवी.
५) पावतीचा आग्रह ही ग्राहकहक्काची पहिली पायरी होय.

समारोप

महाविद्यालयांना या क्षेत्रात बरेच काही करता येण्यासारखे आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी घरोघरच्या अर्थिंगची पाहणी करावी, रसायनशास्त्र विभागाने पाण्याची जडता मोजून द्यावी, वाणिज्य शाखेने पावती व हमीपत्र वाचण्यास शिकवावे. पाहणीत धोका आढळल्यास दुरुस्तीचे काम मात्र परवानाधारक तंत्रज्ञाकडेच सोपवावे. ज्या घरात महिन्याच्या बचतीतून एखादा रॉड वा मिक्सर येतो, त्या घरासाठी तो बिघडणे ही किरकोळ बाब नसते. त्या घरातील मूल आपल्याच वर्गात बसते, याचे भान ठेवून प्राध्यापकवर्गाने हा विषय अध्यापनाच्या व संशोधनाच्या कक्षेत आणावा, अशी अपेक्षा आहे.