दुसऱ्या मंगळवारनंतर

मायक्रोसॉफ्ट आपल्या सॉफ्टवेअरमधल्या त्रुटींच्या दुरुस्त्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी जाहीर करते. २००३च्या ऑक्टोबरपासून हा नेम आहे. तेव्हा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजलेले असतात. नागपुरात उन्हाळ्यात रात्रीचे साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा. म्हणजे विद्यापीठाच्या संगणक कक्षात ती यादी उघडली जाते बुधवारी सकाळी, आणि तोवर ती चोरांनीही वाचलेली असते. जुनी फाइल आणि दुरुस्त फाइल शेजारी ठेवली की काय बदललं ते दिसतं, आणि त्यावरून मूळ चूक कुठे होती तेही कळतं. दुरुस्ती जाहीर झाली की भगदाडाचा पत्ताही जाहीर होतो. पुढे प्रश्न एवढाच: परिसरातल्या शेवटच्या संगणकावर ती कधी बसणार?

हा प्रश्न तंत्रापेक्षा वेळापत्रकाचा आहे, हे अशा कक्षात काही दिवस बसून काम पाहिल्याशिवाय ध्यानात येत नाही. नागपूर विद्यापीठ १९२३चं, व्हीएनआयटीचं मूळ महाविद्यालय १९६०चं. अलीकडे ट्रिपल आयटी, एम्स, विधी विद्यापीठही आलं. शहरात अशा कक्षांना तोटा नाही, म्हणून मी बसलो त्याचं नाव सांगत नाही. चपला बाहेर काढायच्या. आत एसीची घरघर, निळ्या केबलींचे गुच्छ, आणि सतत वाजणारा फोन. "सर, नेट चालून नाही रायलं." पलीकडून तक्रार एवढीच येते. इमारत कोणती, मजला कोणता, वायफाय की वायर, हे सगळं खोदून काढावं लागतं. सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कंत्राटी आहेत. सगळे त्यांना नुसतं 'सिस्टीमवाले सर' म्हणतात. फोन खांद्यात धरून ते बुधवारची यादी खाली सरकवत असतात.

यादीत कधी शंभराच्या वर नोंदी असतात. ते आधी एकच खूण शोधतात: या त्रुटीचा गैरवापर आधीच सुरू झालाय का? तसं असेल तर ती वर. मग बाहेरून नेटवरून थेट पोहोचता येईल अशा सर्व्हरच्या. बाकीच्या सावकाश. दुरुस्त्या प्रत्येक संगणकाने स्वतंत्र उतरवल्या तर सकाळी सगळ्या परिसराचं नेट बसेल, म्हणून एक सर्व्हर त्या एकदाच उतरवून घेतो आणि आत वाटतो. पहिला मान कक्षाच्याच संगणकांचा. दोन दिवस काही बिघडलं नाही तर ग्रंथालय, मग प्रयोगशाळा, आणि सगळ्यात शेवटी परीक्षा विभाग.

प्रयोगशाळांची गंमत वेगळी आहे. विद्यार्थी संगणकात काहीबाही टाकतात, म्हणून तिथे असं सॉफ्टवेअर असतं की मशीन रिस्टार्ट केली की सगळं पूर्ववत होतं. गेम गेला, व्हायरस गेला, वॉलपेपर गेला. पण हेच सॉफ्टवेअर दुरुस्तीही पुसून टाकतं. आज पॅच मारला, उद्या सकाळी संगणक पुन्हा जुनाच. त्यामुळे आधी हे कुलूप उघडायचं, दुरुस्ती बसवायची, मग कुलूप पुन्हा लावायचं. तेही तासिका नसताना. लॅब अटेंडंटची रजा त्याच दिवशी असली की ती खोली पुढच्या आठवड्यावर.

परीक्षा विभाग शेवटी का, हे विचारल्यावर सर नुसते कॅलेंडरकडे बोट दाखवतात. हिवाळी परीक्षा, त्यांचे निकाल, पुनर्मूल्यांकन, उन्हाळी परीक्षा, पुन्हा निकाल, प्रवेश, दीक्षान्त समारंभ. 'आज नको' असं न म्हणणारा दिवस त्यात सापडत नाही. प्रश्नपत्रिका ऑनलाइन पाठवायची पद्धत आल्यापासून धास्ती वाढली. पेपर सुरू व्हायच्या थोडा आधी केंद्रावर पासवर्ड येतो, फाइल उघडते, प्रती निघतात. त्या क्षणी पडद्यावर 'अपडेट चालू आहे, संगणक बंद करू नका' असं आलं तर बाहेर वर्गावर्गात मुलं ताटकळत बसणार आणि आत केंद्रप्रमुखांना घाम फुटणार. म्हणून परीक्षेच्या काळात आपोआप होणारे अपडेट थांबवून ठेवतात. थांबवणं सोपं असतं. पुन्हा सुरू करायचं कोणाच्या लक्षात राहतं, खरा घोळ तिथे आहे.

आस्थापना विभागातल्या एका बाईंचा विरोध मात्र वेळापत्रकाचा नव्हता. "मागच्या वेळी तुम्ही अपडेट मारलं अन् माझं मराठी टायपिंग गेलं. तीन दिवस नोटशीट हातानं लिहिली." त्यांचं म्हणणं खरं होतं. सरकारी आणि विद्यापीठीय कचेऱ्यांत युनिकोडआधीच्या फॉन्टमधली हजारो पत्रं पडून आहेत, आणि ती उघडणारं सॉफ्टवेअर नव्या विंडोजशी कधी जमवून घेतं, कधी रुसतं. सरांनी वाद घातला नाही. त्यांच्या मशीनचा पूर्ण बॅकअप घेतला, त्यांच्यासमोरच दुरुस्ती बसवली, एक जुनं पत्र उघडून दाखवलं, रफार जागेवर आहे ना हे त्यांनाच तपासायला लावलं, आणि मगच उठले. एका संगणकाला पाऊण तास. सुरक्षेवरच्या भाषणांत हा पाऊण तास कधी ऐकू येत नाही.

थांबणाऱ्याला आळशी म्हणण्याआधी दोन तारखा आठवाव्यात. १२ मे २०१७ला वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला, ब्रिटनच्या आरोग्यसेवेतल्या रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. त्याने वापरलेल्या त्रुटीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती. जवळपास दोन महिने ती कुणीतरी 'पुढच्या आठवड्यात' म्हणत ठेवली होती. दुसरी तारीख १९ जुलै २०२४. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचा सदोष अपडेट आपोआप गेला आणि सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले. तिथे घाई नडली. सरांचं मत पहिल्या तारखेकडे झुकतं, माझंही. सदोष अपडेटचा बोभाटा लगेच होतो, दुरुस्तीही लगेच येते. उघड्या राहिलेल्या भगदाडातून कोण आत आलंय हे मात्र महिनोन्‌महिने कळत नाही.

परिसराच्या वेशीवरचा फायरवॉलही सॉफ्टवेअरवरच चालतो, त्यालाही दुरुस्त्या लागतात, आणि त्या बसताना सगळ्यांचं नेट दहा-पंधरा मिनिटं जातं. अहमदाबादच्या सायबरोम या फायरवॉल कंपनीचं लॉगिन पान पाहत एक पिढी वसतिगृहांत वाढली; ती कंपनी २०१४ला ब्रिटनच्या सोफोसने घेतली. पान बदललं, मुलांचं जागरण बदललं नाही. रात्री दोनला वसतिगृहाचं नेट दुपारपेक्षा जास्त वाहतं. म्हणून वेळ ठरते पहाटे चारची. मे महिन्यात त्याला आणखी एक कारण असतं. २३ मे २०१३ला नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. ३० मे २०२४ला तर कृषी विद्यापीठाच्या शेतातल्या स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, आणि हा सेन्सरचा दोष असल्याचं हवामान खात्याला सांगावं लागलं. उन्हात यंत्रंही बरळतात. सर्व्हर रूमचा एसी दुपारी मेटाकुटीला येतो. पहाटे त्याला थोडा दम मिळतो.

अशाच एका पहाटे बॅकअपची फाइल पुन्हा एकदा तपासली गेली, मग बटण. पडद्यावरची हिरवी टिंबं एकेक करून लाल झाली. इथे करण्यासारखं काहीच नसतं. सरांना भीती फायरवॉलची नव्हती, त्याच रात्री रिस्टार्ट करायच्या एका जुन्या सर्व्हरची होती. वर्षानुवर्षं अखंड फिरणारी हार्ड डिस्क एकदा थांबली की पुन्हा फिरेलच असं नाही. "चालते आहे तोवर चालते," ते म्हणाले. फायरवॉल उठला, सर्व्हरही उठला, उशिरा. दरम्यान एका मुलाचा फोन येऊन गेलाच: "सर, नेट काऊन गेलं? मॅच लागली होती."

संगणकांचा एक वर्ग या सगळ्यातून बाहेर आहे. रसायनशास्त्र, औषधनिर्माण, पदार्थविज्ञान विभागांतल्या महागड्या उपकरणांना जोडलेली मशीन. उपकरण लाखोंचं, पण त्याचं सॉफ्टवेअर विंडोज ७वरच चालतं. आणि विंडोज ७च्या मोफत दुरुस्त्या १४ जानेवारी २०२०ला बंद झाल्या. उपाय एकच, त्याची नेटची वायर काढायची. वायर निघते, मग संशोधक विद्यार्थी आलेख न्यायला पेनड्राइव्ह आणतात, आणि वायरने जे येणार होतं ते खिशातून येतं. सरांनी तिथे एक वेगळा लिनक्स संगणक ठेवलाय, पेनड्राइव्ह आधी त्यावर तपासायचा. तो वापरला जातो का? विभागप्रमुख समोर असले की वापरला जातो.

नोव्हेंबर २०२२मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर हल्लेखोरांनी बंद पाडले. नोंदणीपासून तपासण्यांपर्यंतचं काम बरेच दिवस कागदावर चाललं. त्याच वर्षी २८ एप्रिलला सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने आदेश काढला होता: घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची, लॉग १८० दिवस जपायचे, सगळ्या यंत्रांची घड्याळं राष्ट्रीय वेळेशी जुळवायची. घड्याळाची अट किरकोळ वाटते. पण एका सर्व्हरवर चोर ३.१० ला आला आणि दुसऱ्यावर २.५५ ला गेला असं दिसलं, तर माग काढणारा डोकं आपटून घेईल. सरांनी ती अट सगळ्यात आधी पूर्ण केली. खर्च शून्य होता, म्हणून सहीही लागली नाही.

सही लागते तिथे गाडी अडते. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित आधार संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. २०१७च्या आसपास घेतलेली बरीच मशीन त्यात बसत नाहीत. लेखा विभागाचा सवाल सरळ: "चालू हाय ना? मंग निर्लेखन कायले?" डेडस्टॉक रजिस्टरमध्ये संगणक एकतर चालू असतो किंवा बंद, 'चालू पण धोकादायक' असा रकाना त्यात नाही. वाढीव दुरुस्त्या विकत मिळतात, शिक्षणसंस्थांना संगणकामागे पहिल्या वर्षी १ डॉलर, मग २, मग ४. रक्कम चहापाण्याची, पण प्रस्ताव, टिपणी, मंजुरी हा प्रवास तोच. सरांनी यादीचे दोन भाग केले: प्रयोगशाळांतल्या मशीनवर उबुंटू लिनक्स, कचेरीतल्यांसाठी डॉलर.

आस्थापनेच्या बाईंनी यादी वाचून विचारलं, "उबुंटूवर मराठी टायपिंग चालंल का?"

"नवीन टायपिंग चालेल, मॅडम. इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहे. जुनी पत्रं उघडणार नाहीत."

त्यांच्या विभागातली मशीन डॉलरच्या यादीतच राहिली.