शिकवण्यावरून मन उडतं तेव्हा

हठप्रदीपिका या ग्रंथात स्वात्मारामांनी योग कशाकशानं नासतो ते मोजून सांगितलंय. त्यात प्रयास आहे, म्हणजे झेपेल त्यापलीकडचे कष्ट. प्रजल्प आहे, म्हणजे अति बोलणं. जनसंग आहे, म्हणजे सतत माणसांच्या गराड्यात असणं. लिंबागणेश या गावी मी योगवर्ग घेते. रोज चार वर्ग चालायचे, तेव्हा माझा सगळा दिवस या तिन्हींवरच उभा होता.

शिक्षकाचं शरीर वर्गात नेमकं काय करतं, ते सावकाश बघू. त्रिकोणासन घ्या. समोरच्यांना उजवी बाजू कळावी म्हणून मी डावीकडे वाकते. शेवटच्या रांगेतली बाई पोचेपर्यंत तशीच थांबते आणि तिला बघायला मान वळवते. दुसरी बाजू करायची वेळ येते तोवर घड्याळ पुढं गेलेलं असतं, मग ती घाईत उरकते. हे रोज, चारही वर्गांत. काही वर्षांनी एक खांदा बोलू लागतो.

श्वासाचं तर उलटंच होतं. बोलताना माणसाचा श्वास बाहेर पडत असतो. म्हणजे ‘श्वास घ्या’ म्हणते, तेव्हा मी स्वतः श्वास सोडत असते. प्राणायामात अंक मी मोजते, त्यामुळे माझा प्राणायाम होतच नाही. दिवसाचे चार तास मी योगात असायचे आणि माझा योग एक मिनिटही व्हायचा नाही. ही गोष्ट मला फार उशिरा उमगली.

शिकवण्यावरून मन उडण्याच्या या अवस्थेला बर्नआउट हे नाव मानसशास्त्रात 1974 मध्ये हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी रुळवलं. पुढं क्रिस्टिना मॅस्लाक यांनी त्याच्या तीन खुणा मांडल्या: आतून रिकामं होणं, माणसांविषयी कोरडं होणं आणि आपल्या हातून काहीच होत नाही असं वाटणं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये स्पष्ट केलं की हा आजार नव्हे. कामावरचा ताण दीर्घकाळ न हाताळल्यानं उद्भवणारी ही स्थिती आहे. मात्र झोप, जेवण, घर, लेकरं या सगळ्यांतलाच रस दोन आठवडे गेलेला असेल, तर ते नैराश्य असू शकतं. तेव्हा आसनांवर विसंबू नये, डॉक्टरांकडे जावं. टेलिमानसचा 14416 हा सरकारी मदत क्रमांकही आहे.

मला दुसऱ्या खुणेनं जागं केलं. एक मावशी गुडघ्याचं सांगत होत्या आणि मी त्यांच्याकडे न बघता ‘करत राहा’ म्हणाले.

तिसरी खूण आमच्याकडं ऋतूसोबत येते. 21 जूनला योगदिनी पटांगण भरतं. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला गाड्या निघाल्या की वर्ग अर्धा रिकामा होतो. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली बाई माझ्या वर्गासाठी कशी थांबेल? तरी कित्येक वर्षं ती रिकामी सतरंजी मी माझ्या नावावर लावत होते. आमच्या बालाघाटाच्या डोंगरभागातल्या शिक्षकानं ही एक गोष्ट आधीच समजून घ्यावी: पट साखर कारखान्याच्या हंगामानं हलतो, आपल्या शिकवण्यानं नव्हे.

सावरताना क्रम महत्त्वाचा. आधी झोप. मी दोन वर्ग बंद केले. पैसे कमी झाले, घरात ओढाताण झाली, ते लपवण्यात अर्थ नाही. मग पहाटेचा अर्धा तास फक्त माझा. त्यात बोलायचं नाही, मोजायचं नाही, आणि ‘हे उद्या वर्गात घेऊ’ असा विचार आला की तो सोडून द्यायचा. पाठीखाली घडी घातलेली वाकळ, पाय भिंतीला लावून वर. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी दोर, विटा, लोड, खुर्च्या यांचा आधार घेऊन आसनं शिकवली. थकलेल्या शरीराला ताणण्याआधी आधार द्यावा, ही त्यातली समज मला तेव्हा कळली. पहिले कित्येक दिवस मी नुसती झोपून जायचे.

तिसरा बदल सगळ्यांत अवघड होता: करून दाखवणं थांबवलं. एका मुलीला पुढं उभं केलं आणि मी रांगांमधून फिरू लागले. समोर उभं राहून वर्ग एकसारखा दिसतो. शेजारून गेलं की कुणाची टाच उचलली जाते, कुणी श्वास धरून ठेवलाय, कुणाचा जबडा आवळलाय, हे दिसतं. दिसलं की प्रश्न पडतो आणि प्रश्न पडला की वाचावंसं वाटतं. हठप्रदीपिकेत योग कशानं फळतो याचीही यादी आहे. तिच्यात पहिलाच शब्द उत्साह आहे. मी त्याची वाट बघत बसले होते. तो बघण्यातून येतो, हे रांगांमधून फिरताना कळलं.

गुढीपाडव्याच्या सुमारास उसाच्या फडावरून माणसं परतली. डोक्यावर उसाच्या मोळ्या वाहून आलेली एक बाई वर्गात आली. तिची मान वळत नव्हती. पूर्वी मी तिला सरळ सूर्यनमस्कारांच्या रांगेत उभं केलं असतं. या वेळी तिला आडवं केलं, पोटऱ्या खुर्चीवर ठेवल्या, मानेखाली टॉवेलची घडी सरकवली आणि शेजारी बसून तिचा श्वास बघत राहिले. थोड्या वेळानं तिचे खांदे जमिनीला टेकले, मग ती घोरू लागली. बाकीच्यांना मी खुणेनंच हळू बोला म्हटलं.

त्या रात्री जेवण झाल्यावर मी शरीररचनेचं जुनं पुस्तक काढलं आणि मानेचे सात मणके पहिल्यापासून वाचायला घेतले.