जुन्या व्हिडिओ गेममध्ये आपला स्वतःचा प्रोग्रॅम



आपल्या भीमपूर परिसरात अनेक घरांच्या माळ्यावर टीव्हीला जोडायचा एखादा जुना व्हिडिओ गेम धूळ खात पडलेला असतो. मोठ्या भावाने किंवा काकांनी कधीकाळी घेतलेला, दोन रिमोट, एक खेळण्यातली बंदूक आणि पिवळी कॅसेट असलेला. अलीकडे काही मुले या यंत्रांविषयी आमच्याकडे विचारणा करू लागली आहेत. ‘सर, यात आपण स्वतः बनवलेला खेळ घालता येतो का?’ पालकांचा प्रश्न वेगळा असतो. ‘हे कायदेशीर आहे का? यात मुलाचा अभ्यास बुडणार तर नाही ना?’ दोन्ही प्रश्न योग्य आहेत. म्हणून या अंकात हा विषय आम्ही मुळापासून समजावून सांगत आहोत.

हे यंत्र मुळात कोणते?

१५ जुलै १९८३ रोजी जपानमधील निन्टेन्डो कंपनीने ‘फॅमिकॉम’ नावाचे यंत्र बाजारात आणले. मासायुकी उएमुरा हे त्याचे मुख्य रचनाकार. भारतात नव्वदच्या दशकात मीडिया, समुराई, लिटल मास्टर अशा नावांनी जे व्हिडिओ गेम घरोघरी पोहोचले, ते याच कुळातले. बहुतेक त्याच्या नकला. कॅसेटवर ‘९९९९९९ इन १’ असे छापलेले असे आणि प्रत्यक्षात तेच पाच-दहा खेळ पुन्हा पुन्हा निघत, हे आजचे पालक विसरले नसतील.

या यंत्राचा मेंदू म्हणजे ६५०२ कुळातली चिप. १९७५ साली अमेरिकेत चक पेडल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तयार केली आणि फक्त २५ डॉलरला विकली. इतर कंपन्यांच्या अशा चिपा तेव्हा कितीतरी महाग होत्या. पुढे अॅपल २ या संगणकातही हीच चिप बसली. म्हणजे माळ्यावरचा तो व्हिडिओ गेम हा खेळण्याच्या वेषातला खराखुरा संगणक आहे.

होमब्रू म्हणजे काय?

होमब्रू म्हणजे घरी बनवलेला प्रोग्रॅम. कंपनीने ठरवून दिलेले खेळ न चालवता आपण स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम त्याच यंत्रावर चालवणे. जगभर अनेक हौशी लोक आजही या जुन्या यंत्रांसाठी नवे खेळ लिहितात.

यात भारताचा थेट संबंध आहे. कीबोर्ड जोडलेले असे टीव्ही-संगणक आपल्या देशात साधारण बारा डॉलरला, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने पाचशे रुपयांच्या आसपास मिळत. ते पाहून अमेरिकेतील डेरेक लोमस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ च्या सुमारास ‘प्लेपॉवर’ नावाचा उपक्रम सुरू केला. त्यांचा विचार साधा होता. यंत्र स्वस्त आहे, घरात टीव्ही आहे, मग या यंत्रासाठी टायपिंगचे व अभ्यासाचे खेळ का लिहू नयेत? ज्याला टायपिंग येते त्याला बरे काम मिळू शकते, हा त्यामागचा हिशेब होता. पुढे स्वस्त मोबाइल घरोघरी आले आणि हे टीव्ही-संगणक मागे पडले. तरी तो विचार आजही शिकण्यासारखा आहे.

यंत्राच्या पोटात किती जागा?

या यंत्रातील कामाची स्मृती अवघी दोन किलोबाइट, म्हणजे २०४८ बाइट. आजच्या मोबाइलमध्ये मराठीचे एक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात. त्या हिशेबाने या संपूर्ण स्मृतीत मराठीची ६८२ चिन्हे मावतील. हा लेख त्यात मावणार नाही!

पडद्यावर आडवे २५६ आणि उभे २४० ठिपके. हे ठिपके आठ बाय आठच्या चौकोनी फरशांत विभागलेले असतात. आडव्या ३२ व उभ्या ३०, एकूण ९६० फरशा. पण वेगवेगळ्या नक्षीच्या फरशा एका वेळी पार्श्वभूमीसाठी २५६ व हलणाऱ्या चित्रांसाठी २५६ एवढ्याच. म्हणून एकच नक्षी अनेक ठिकाणी वापरावी लागते. १९८५ च्या ‘सुपर मारिओ’मधील ढग आणि झुडूप नीट पाहा. आकार एकच आहे, फक्त रंग वेगळा. हा संपूर्ण खेळ ४० किलोबाइटमध्ये बसवलेला आहे, आणि मोबाइलने काढलेला एक फोटो याहून कितीतरी मोठा असतो. काटकसर हा आपल्या शेतकरी घरांचा रोजचा धडा आहे. संगणकातही तो तितकाच लागतो, हे या उदाहरणावरून दिसते.

प्रत्यक्षात कसे करतात?

पहिली पायरी: प्रोग्रॅम लिहिणे. तो ६५०२ च्या असेंब्ली भाषेत लिहितात, किंवा ‘सीसी६५’ या मोफत साधनाच्या मदतीने सी भाषेत लिहितात.

दुसरी पायरी: तो साध्या संगणकावर एम्युलेटरमध्ये चालवून तपासणे. एम्युलेटर म्हणजे जुन्या यंत्राची हुबेहूब वागणूक करणारा प्रोग्रॅम. इथपर्यंत यंत्र उघडावे लागत नाही आणि एक पैसाही लागत नाही. आमच्या मते बहुतेक विद्यार्थ्यांनी इथेच पुरेसा काळ घालवावा.

तिसरी पायरी: कॅसेट तयार करणे. साध्या कॅसेटमध्ये दोन चिपा असतात. एकीत ३२ किलोबाइटपर्यंत प्रोग्रॅम, दुसरीत ८ किलोबाइट चित्रे. जाणकार मंडळी जुन्या चिपा काढून त्या जागी इप्रॉम नावाच्या, पुन्हा लिहिता येणाऱ्या चिपा बसवतात. यंत्र सुरू होताच मेंदू ६५५३२ व ६५५३३ या दोन पत्त्यांवर पाहतो. प्रोग्रॅम कोठून सुरू करायचा हे तिथे लिहिलेले असते. तिथून पुढे यंत्र पूर्णपणे तुमच्या हुकुमात!

येथे एक अडचण सांगणे आवश्यक आहे. आपल्याकडच्या पुष्कळशा स्वस्त कॅसेटी उघडल्या तर आत सुटी चिप दिसत नाही, काळ्या लाखेचा थेंब दिसतो. त्याखालची चिप बदलता येत नाही. अशा वेळी मेमरी कार्ड घालता येणारी तयार कॅसेट वापरतात, पण ती महाग असते. अमेरिकेत विकल्या गेलेल्या यंत्रात परक्या कॅसेटी रोखण्यासाठी कुलूप-चिप होती. फॅमिकॉममध्ये ती नव्हती, त्यामुळे त्याच्या नकलांवर हा प्रयोग सोपा जातो.

मराठी अक्षरे आणि दिडकी

आता आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग. इंग्रजी अक्षर आठ बाय आठच्या एका फरशीत सहज बसते. मराठीचे तसे नाही. एक ओळ शिरोरेषा खाते, वर वेलांटी व मात्रा, खाली उकार. ‘कु’ आणि ‘की’ दोन्ही नीट वाचता यावेत तर सोळा बाय सोळाची जागा, म्हणजे एका अक्षराला चार फरशा हव्यात. २५६ भागिले चार, म्हणजे फक्त ६४ अक्षरे. जोडाक्षरे धरली तर हा साठा लगेच संपतो. मग मार्ग काय? आपल्या खेळाला कोणते शब्द लागतात ते आधी ठरवायचे आणि तेवढीच अक्षरे वहीच्या चौकटीच्या कागदावर रंगवून काढायची. हे काम पाचवीचा विद्यार्थीही करू शकतो.

गणिताचेही तसेच. या चिपला गुणाकार येत नाही. बेरीज, वजाबाकी, दुप्पट आणि निम्मे एवढेच येते. नव्वे सहा काढायचे तर सहाची दुप्पट बारा, त्याची चोवीस, त्याची अठ्ठेचाळीस, अधिक सहा, झाले चोपन्न. निमकी म्हणजे एक वेळ निम्मे, पावकी म्हणजे दोन वेळा निम्मे. चौदाची दिडकी हवी तर चौदाचे निम्मे सात, दोन्हींची बेरीज एकवीस. पंधराचे निम्मे केले तर उत्तर सात येते आणि उरलेला एक वेगळ्या खुणेत जाऊन बसतो. तो लक्षात ठेवला नाही तर अर्धा गळतो. आजी-आजोबांनी पाठ केलेली निमकी-पावकी आणि संगणकाचा मेंदू एकाच रीतीने चालतात, हे मुलांना कळले तर पाढे रुक्ष वाटणार नाहीत. आणखी एक गंमत: एका बाइटमध्ये जास्तीत जास्त २५५ मावतात. म्हणून सोळा गुणिले सोळा केले तर २५६ ऐवजी शून्य दिसते! त्यासाठी दुसरा बाइट जोडावा लागतो.

थोडे नंतरचे यंत्र

काही घरांत प्लेस्टेशन २ असेल. हे २००० साली आले. त्यावर होमब्रू चालवण्यासाठी २००८ पासून ‘फ्री एमसी बूट’ नावाची पद्धत आहे. यंत्र सुरू होताना मेमरी कार्डवर सुधारित प्रोग्रॅम आहे का ते पाहते. याच सोयीचा तीत उपयोग केलेला आहे. यंत्र उघडावे लागत नाही. मात्र अगदी शेवटच्या काही मॉडेलांवर ती चालत नाही. सोनी कंपनीने स्वतःही २००२ मध्ये याच यंत्रासाठी कीबोर्ड, माउस व हार्ड डिस्कसह लिनक्सचा संच विकला होता.

आपल्या राज्याच्या राजधानीचे नावही येथे येते. २००९ मध्ये प्लेस्टेशन २ साठी आलेला ‘हनुमान: बॉय वॉरियर’ हा खेळ हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने बनवला. त्याच वर्षीचा ‘देसी अड्डा’ हैदराबादच्याच गेमशास्त्र कंपनीचा, आणि त्यात कबड्डी व विटीदांडूसारखे आपले खेळ होते. विटीदांडू पडद्यावर येऊ शकते, तर आपल्या पोळ्याची बैलजोडी का येऊ नये?

कायदा काय म्हणतो?

पालकांनी हा भाग नीट वाचावा. स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम आपल्या मालकीच्या यंत्रावर चालवणे वेगळे आणि दुसऱ्याच्या खेळाची नक्कल करणे वेगळे. आपल्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅमलाही साहित्यकृतीसारखेच संरक्षण आहे. २०१२ च्या दुरुस्तीने त्यात कलम ६५अ आले. हक्कभंग करण्याच्या हेतूने कुलूप तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो. ‘चिप बसवून देतो, शंभर खेळ भरून देतो’ असे कोणी सांगितले तर तो होमब्रू नव्हे, ती चोरीच्या मालाची विक्री आहे. जुन्या कॅसेटी नकली होत्या म्हणून आणखी नक्कल करण्याची परवानगी मिळत नाही.

सुरक्षेच्या सूचना

१. जुन्या डब्बा टीव्हीचे झाकण कोणीही उघडू नये. बंद केल्यावरही आत हजारो व्होल्टचा दाब शिल्लक राहू शकतो.
२. डाखणीचे काम मोठ्यांच्या देखरेखीखाली, हवेशीर जागी करावे. नंतर हात धुवावेत.
३. इप्रॉम पुसण्यासाठी लागणारा अतिनील दिवा डोळ्यांना घातक आहे. तो बंद पेटीतच लावावा.
४. अॅडॉप्टरवरील व्होल्ट व टोकांची खूण पाहूनच यंत्र जोडावे.
५. नव्या सपाट टीव्हीवर बंदूक चालत नाही. ती जुन्या टीव्हीच्या पडद्यावर प्रकाश उमटण्याच्या रीतीवर अवलंबून असते. यंत्र बिघडले समजून उघडू नये.

शेवटी थोडे

याने शाळेची संगणक खोली भागेल असे आमचे म्हणणे नाही, हे विश्वस्त मंडळींनी कृपया लक्षात घ्यावे. नवे संगणक लागतातच. आम्ही एवढेच सुचवतो की आठवड्यातून एक तास, आठवी-नववीच्या इच्छुक मुला-मुलींसाठी, एम्युलेटरवर हे काम व्हावे. घरात निकामी पडलेले यंत्र कोणी शाळेला दिले तर ते उघडून दाखवण्यासाठी उपयोगी येईल.

कारण प्रश्न केवळ खेळाचा नाही. पैनगंगेच्या अलीकडे राहणारी आपली मुले घरी मराठी बोलतात, कचेरीत तेलुगू ऐकतात आणि संगणकावर इंग्रजी पाहतात. आम्ही स्वतः हिंदी माध्यमातून पदवीधर झालो. विषय समजला तर भाषा आड येत नाही, आणि विषय आपल्या भाषेत मांडता आला तर तो पक्का होतो, असा आमचा अनुभव आहे. सीमेवरच्या मूठभर मुलांसाठी कोणतीही मोठी कंपनी मराठीत दिडकीचा खेळ काढणार नाही. तो कोणी काढलाच तर आपल्याच मुलांपैकी कोणीतरी काढील. मोबाइल मुलांना तयार गोष्टी दाखवतो. हे जुने यंत्र मात्र सांगितल्याशिवाय एक ठिपकाही उमटवत नाही. काय सांगायचे ते आधी विचार करून ठरवावे लागते, आणि हा विचार करायला शिकवणे हेच शाळेचे काम आहे.

इच्छुक विद्यार्थ्यांनी पालकांच्या सहीने आपली नावे वर्गशिक्षकांकडे द्यावीत. येताना चौकटीची वही आणि पेन्सिल आणावी. सुरुवात ‘भ’ या अक्षरापासून करू.