स्वस्त छोटा टॅबलेट : दुकानदाराच्या कितपत कामाचा?

भाईंदर पूर्वेतील स्टीलच्या भांड्यांचे कारखाने असोत, नया नगरातील शिंपी व अबायाची दुकाने असोत किंवा काशीमीऱ्याकडील गॅरेजवाले असोत, आपल्या शहरातील पुष्कळसा व्यापार आजही उधारीवर चालतो आणि उधारी वहीवर चालते. ठरावीक मुदतीचे देणेघेणे लिहून ठेवण्याचा आदेश सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. कुरआनमधील ही सर्वांत मोठी आयत होय, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. आता ही वही कागदावरून काचेवर येऊ लागली आहे. मोबाइल त्यासाठी लहान पडतो आणि संगणक महाग पडतो. म्हणून दहा-तेरा हजारांचा आठ-पावणेनऊ इंची टॅबलेट घ्यावा काय, हा प्रश्न अनेक दुकानदारांपुढे आहे.

स्वस्त टॅबलेटची आपल्या देशातील कहाणी ‘आकाश’पासून सुरू होते. ५ ऑक्टोबर २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांच्या हस्ते तो विद्यार्थ्यांसाठी बाहेर पडला. सरकारला तो सुमारे २,२७६ रुपयांना पडत होता. सात इंची पडदा, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि २५६ एमबी रॅम एवढाच त्याचा ऐवज होता. पडदा बोट दाबून चालवावा लागे, यंत्र संथ होते आणि बॅटरी लवकर उतरे. पुढे हे काम आपल्या जवळच्या पवईच्या आयआयटीकडे आले आणि सुधारलेला ‘आकाश २’ ११ नोव्हेंबर २०१२ रोजी, म्हणजे मौलाना आझाद यांच्या जयंतीदिनी, राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते प्रसिद्ध झाला. त्याचा प्रोसेसर एक गिगाहर्ट्झचा, रॅम दुप्पट आणि पडदा हलक्या स्पर्शाने चालणारा होता. तरीही तो बाजारात टिकला नाही. किंमत हेच ज्या मालाचे एकमेव वैशिष्ट्य असते, त्याची गत अशी होते, हे व्यापाऱ्याला वेगळे समजावण्याची गरज नाही.

आजचा स्वस्त टॅबलेट त्यापेक्षा कितीतरी पुढे गेला आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात आलेल्या सॅमसंगच्या गॅलेक्सी टॅब ए ९ चा किंवा २०२४ च्या जुलैत आलेल्या रेडमी पॅड एसई ८.७ चा पडदा ८.७ इंची, रॅम ४ जीबी आणि साठवण ६४ जीबी आहे. बाजारात आले तेव्हा पहिल्याच्या सिमकार्ड नसलेल्या नमुन्याची किंमत १२,९९९ आणि दुसऱ्याच्या सिमकार्ड चालणाऱ्या नमुन्याची १०,९९९ रुपये होती. हिशेब, बिल व फोटो यांसाठी एवढी ताकद पुरते.

मग अडते कुठे? पहिली अडचण सिमची. दोन-तीन हजार वाचवण्यासाठी बहुतेक जण फक्त वाय-फायवर चालणारा नमुना उचलतात. यूपीआयचे खाते सुरू करताना मात्र त्याच यंत्रातील सिमवरून एसएमएस जावा लागतो. म्हणजे पैसे घेण्याचे काम मोबाइलवरच राहिले. व्हॉट्सॲपचे तसे नाही. २०२३ पासून मोबाइलवरील खातेच टॅबलेटला जोडता येते, त्यामुळे गिऱ्हाइकाने पाठवलेला नमुना मोठ्या पडद्यावर पाहता येतो.

दुसरी अडचण कामाच्या जागेची, आणि आमच्या मते हीच मोठी आहे. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात यंत्र तापते, तापले की मंद होते आणि बॅटरीचे आयुष्य घटते. पॉलिशच्या यंत्राजवळ उडणारी बारीक धूळ चार्जिंगच्या तोंडात जाऊन बसते. खाडी आणि समुद्र दोन्ही जवळ असल्याने आपल्याकडची हवा दमट व खारी. तेलकट किंवा ओल्या बोटाला पडदा दाद देत नाही, हातमोज्याला तर नाहीच. हॉटेलवाल्याने आणि भांडीवाल्याने तो भट्टीपाशी किंवा यंत्रापाशी न ठेवता गल्ल्यावरच ठेवावा. गल्ल्यावरही दिवसरात्र चार्जरला लावून ठेवू नये. बॅटरी फुगण्याचा संभव असतो.

शिंप्यांना आणि जरीकाम करणाऱ्यांना मात्र हे यंत्र खरोखर उपयोगी पडेल. गिऱ्हाइकाचे माप, कापडाचा फोटो व ठरलेली तारीख एका ठिकाणी राहते, आणि ‘मी असे सांगितलेच नव्हते’ हा ईदच्या आदल्या रात्रीचा वाद मिटतो. ज्यांना टंकलेखन जमत नाही त्यांना मराठी किंवा उर्दूत बोलून नाव लिहवता येते. (उर्दू अक्षरे बहुधा नस्तालीकऐवजी नस्ख वळणाची दिसतात, तेवढे चालवून घ्यावे.) पण रंगाचा भरवसा पडद्यावर ठेवू नये. स्वस्त पडद्यावर मेंदी आणि बाटली हिरवा सारखेच दिसू शकतात; कापडाचा तुकडा दाखवूनच ऑर्डर घ्यावी.

एक सोय अनेकांना ठाऊक नसते. अँड्रॉइडमध्ये एकच ॲप पडद्यावर अडकवून ठेवता येते. मालक जोहरच्या जमातीला गेला असता काउंटरवरचा मुलगा बिल करू शकतो, इतर काही उघडू शकत नाही.

वही आणि जोखीम

कागदी वही पडली तर उचलून झटकता येते. टॅबलेट पडला आणि हिशेबाची प्रत दुसरीकडे नसली, तर वर्षाची उधारी गेली. म्हणून रोज रात्री प्रत इंटरनेटवर जाते की नाही, हे खरेदीच्या दिवशीच तपासावे. जीएसटीची नोंदणी असलेल्यांना तर वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपावे लागतात. थर्मल प्रिंटरची चिठ्ठी तोवर कोरी होऊन जाते. टॅलीचे पूर्ण काम अँड्रॉइड टॅबलेटवर होत नाही, आणि विवरणपत्र भरायला एवढा पडदा गैरसोयीचाच. तेव्हा ज्याचा हिशेब सल्लागाराकडे टॅलीत आहे त्याने टॅबलेट संगणकाऐवजी नव्हे, संगणकाच्या जोडीला घ्यावा.

आता हप्त्यांविषयी. ‘नो कॉस्ट ईएमआय’ ही पाटी पाहून व्याज नाही असे समजणाऱ्यांची संख्या मोठी आहे. शून्य टक्के व्याज अशी वस्तूच नसते, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावले होते. अशा योजनेत साधारणपणे बँक व्याज लावते आणि विक्रेता तेवढी सूट आधी देतो. कार्डाच्या पत्रकात व्याजाची रक्कम वेगळी छापून येते आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. व्याज ५०० रुपये असले तर ९० रुपये कर. प्रक्रिया शुल्क त्याहून वेगळे. व्याजापासून दूर राहू इच्छिणाऱ्याने पत्रकातील हा रकाना आपल्या आलिमांना दाखवून विचारावे. आमचा कल रोखीकडे आहे. दहा-बारा हजारांसाठी चार महिने थांबून पैसे साठवणे बहुतेक दुकानांना जमण्यासारखे असते.

कमी भावाच्या अनोळखी ब्रँडच्या मालावर भारतीय मानक ब्युरोचे नोंदणी चिन्ह आणि आर अक्षराने सुरू होणारा क्रमांक आहे काय, ते पाहावे. टॅबलेटला ही नोंदणी सक्तीची आहे. बिल दुकानाच्या नावाने आणि जीएसटी क्रमांकासह घ्यावे. धंद्यासाठी घेतलेल्या टॅबलेटवरील १८ टक्के कराची वजावट नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला मिळते. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याला ती मिळत नाही, त्याने पूर्ण किंमत खर्चातच धरावी.