एक कोटी एक्क्याण्णव लाखांची वीस मिनिटं

२,२५,०००! आकडा डॉलरमधला, वर्षाच्या पगाराचा. अमेरिकेत कायद्याची पदवी घेऊन नुकत्याच बाहेर पडलेल्या, कोर्टात एकदाही उभं न राहिलेल्या पंचवीस-सव्वीस वर्षांच्या मुलामुलींना मोठ्या लॉ फर्ममध्ये पहिल्याच वर्षी एवढा पगार मिळतो. डॉलर ८५ रुपयांचा धरा आणि करा गुणाकार. १ कोटी ९१ लाख २५ हजार रुपये! रविवार, नाताळ, आजारपणाची रजा, सगळे दिवस मोजले तरी रोजचे ५२ हजार.

आता याच्या पाचशेच्या नोटा करू. झाल्या ३८,२५०. एक नोट १५ सेंटिमीटर लांब. चर्चगेटपासून रुळांच्या कडेनं एकापुढे एक मांडत चला. मरीन लाइन्स गेलं, चर्नी रोड गेलं, ग्रँट रोड गेलं, मुंबई सेंट्रल मागे पडलं, तरी हातात नोटा आहेतच! त्या संपतात पावणेसहा किलोमीटरवर, महालक्ष्मी स्टेशनच्या तोंडाशी. आणि हा फक्त पगार झाला, बोनस त्याहून वेगळा.

हा आकडा चढला कसा तेही बघा. १९६८ साली न्यूयॉर्कच्या क्रॅव्हाथ फर्मनं नवख्या वकिलाचा पगार १५ हजार डॉलर केला तेव्हा सगळ्या वकिली जगानं तोंडात बोट घातलं होतं. २००७ मध्ये १ लाख ६० हजार. मग नऊ वर्षं ढिम्म हालचाल नाही. २०१६ मध्ये १ लाख ८० हजार, २०१८ मध्ये १ लाख ९० हजार, २०२१ मध्ये दोन लाखांचा उंबरठा ओलांडला, २०२२ मध्ये २ लाख १५ हजार आणि २०२३ च्या नोव्हेंबरात २ लाख २५ हजार. गंमत अशी की एका फर्मनं पगार वाढवला की बाकीच्या डझनावारी फर्म काही दिवसांतच तोच आकडा जाहीर करतात, शेवटच्या शून्यापर्यंत तोच.

मग या नोटांच्या रांगेशी पोचायला गर्दी किती? अमेरिकेत मान्यताप्राप्त लॉ स्कूल दोनशेला चार-पाच कमी. त्यातलं हार्वर्डचं १८१७ सालचं, म्हणजे आपल्याकडे पेशवाई बुडाली त्याच्या आदल्या वर्षीचं. २०२४ च्या हंगामात या सगळ्या शाळांमध्ये मिळून पहिल्या वर्षाला ३९ हजारांहून जास्त विद्यार्थी दाखल झाले. वानखेडे स्टेडियम खच्चून भरलं तरी हजारो मुलं मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून राहतील! देशात आधीच वकील आहेत तेरा लाखांच्या वर. २०११ च्या जनगणनेतलं अख्खं कल्याण-डोंबिवली साडेबारा लाखांचं होतं. तान्ह्या बाळापासून पणजीपर्यंत त्यातल्या प्रत्येकाच्या अंगावर काळा कोट चढवा, तरी अमेरिकेतले वकील जास्तच भरतील.

त्या पाचशे-पाचशे वकिलांच्या प्रचंड फर्ममध्ये पदवीधरांपैकी जेमतेम पाच-सहांत एखादा शिरतो. बाकीच्यांचं काय? इथे तर आकड्यांनी कमालच केली आहे. नव्या वकिलांच्या पगारांचा आलेख काढला की त्याला दोन टेकाडं दिसतात. एक ६० ते ९० हजार डॉलरच्या आसपास, दुसरं थेट दोन लाखांच्या पलीकडे, आणि मधे जवळजवळ सपाट माळ. मुंबई आहे, पुणे आहे, पण मधलं कल्याण, कर्जत, खंडाळा, लोणावळा नकाशावरून पुसून टाकलंय, असा हा प्रवास. एक तर या टोकाला राहा नाही तर त्या टोकाला, मधे उतरायला स्टेशनच नाही. आणि डोक्यावर कर्ज? नामांकित लॉ स्कूलची नुसती शिकवणी फी वर्षाला ८० हजार डॉलरच्या पुढे. तीन वर्षांची दोन कोटी रुपयांवर जाते, राहणं-खाणं अजून धरलेलंच नाही. कुठल्या टेकाडावर उतरायचं हा प्रश्न या मुलांची झोप का उडवतो ते एवढ्यावरून कळतं.

पलीकडच्या टेकाडाची गाडी सुटते ती कॉलेजातूनच. कॅम्पसवरच्या मुलाखती, तिकडच्या मुलांच्या तोंडी ‘ओसीआय’. या गाडीचं तिकीट म्हणजे पहिल्या वर्षाचे गुण. त्या गुणांचा हिशेब मांडला तेव्हा मी पेनच खाली ठेवलं. पहिल्या सत्रात मोठे विषय तीन-चार: करार, टॉर्ट (म्हणजे नुकसानभरपाईचा कायदा), दिवाणी प्रक्रिया वगैरे. प्रत्येक विषयाला हजार पानांच्या पुढे जाणारं केसबुक. आणि बहुतेक विषयांना सगळ्या सत्राची मिळून परीक्षा एकच! तीन-चार तासांची. पेपरवर नाव नाही, नुसता क्रमांक, आणि गुण सगळ्या वर्गाला एकाच वक्ररेषेवर बसवून दिलेले, म्हणजे तुमचा पेपर किती चांगला याला अर्थ नाही, शेजारच्याहून किती चांगला याला आहे. शिकागोच्या लॉ स्कूलमध्ये गुणांची पट्टीच १५५ ते १८६ अशी आहे. सगळी हुशारी त्या बत्तीस आकड्यांत बसवायची.

तीन पेपर, चार-चार तास. झाले बारा तास, म्हणजे ७२० मिनिटं. पहिल्या वर्षाच्या पगाराला ७२० नं भागा: मिनिटाला २६,५०० रुपये! पाण्याचा घोट घेतला, २६,५००. प्रश्न दुसऱ्यांदा वाचला, ५३ हजार. लॅपटॉप अडकला आणि पाच मिनिटं गेली, सव्वा लाखाच्या वर! म्हणून तर ही मुलं सत्रभराच्या वाचनाची चाळीस-पन्नास पानी ‘आउटलाइन’ बनवतात, ती आटवून दहा पानांवर आणतात, आणि शेवटी एका पाठपोट कागदावर. चार महिने आणि हजारो पानं, सगळं एका कागदावर.

गुण हातात आले की सीव्ही. एकच पान, दुसरं लावायचं नाही. मग फर्मची पसंतीयादी, कुठल्या फर्मला कितवा क्रमांक द्यायचा याचे तक्ते, करिअर ऑफिसातल्या सराव-मुलाखती, एक गडद सूट, आणि ‘आमचीच फर्म का?’ या प्रश्नाला प्रत्येक फर्मसाठी निराळं, खरं वाटेल असं उत्तर. त्यासाठी त्या फर्मनं कुठली कंपनी कुणाला विकून दिली, कुठला खटला जिंकला हे पाठ. वीस फर्म म्हटल्या की उत्तरंही वीस.

पहिली मुलाखत वीस मिनिटांची. फक्त वीस! वर्षानुवर्षं या मुलाखती हॉटेलांत होत आल्या. मजलेच्या मजले भाड्यानं घेतलेले, प्रत्येक खोलीत एक फर्म, आणि बाहेर लांबलचक कॉरिडॉरमध्ये दाराशेजारी सूट घातलेली मुलं फोल्डर छातीशी धरून उभी. ठरलेल्या मिनिटाला सगळी दारं एकदम वाजतात, आतली मुलं बाहेर, बाहेरची आत. एका आठवड्यात एकेका विद्यार्थ्याच्या अशा वीस-पंचवीस मुलाखती. आता बऱ्याच मुलाखती व्हिडिओवर होतात, पण वीस मिनिटं ती वीसच. कळंबोलीहून एक्स्प्रेसवेवर ताशी शंभरच्या वेगानं निघालात तर वीस मिनिटांत तेहतीस किलोमीटर होतात. खोपोलीचा घाटही लागलेला नसतो आणि इकडे माणसाच्या पुढच्या अनेक वर्षांचा कौल लागलेला असतो! जमलं तर ‘कॉलबॅक’ येतो. मग फर्मच्या ऑफिसात एकामागून एक चार-पाच वकील अर्धा-अर्धा तास बोलून बघतात.

आता यातली घाई बघा. मुलाखती कधी घ्यायच्या, ऑफरला उत्तर द्यायला किती दिवस द्यायचे याचे काही संकेत असत. लॉ स्कूल आणि फर्म यांच्या राष्ट्रीय संघटनेनं २०१८ मध्ये ते काढून टाकले, आणि फर्म सुटल्या सुसाट. पूर्वी ऑगस्टमध्ये, पहिलं वर्ष पूर्ण झाल्यावर होणाऱ्या मुलाखती जूनवर आल्या, मग त्याहून अलीकडे, आणि आता कितीतरी फर्म कॅम्पसवर यायच्या आधीच थेट अर्ज मागवून मुलं उचलतात. ऑगस्टमध्ये पहिलं लेक्चर, जानेवारीत पहिले गुण, आणि त्यानंतर थोड्याच आठवड्यांत सव्वा वर्षापुढच्या उन्हाळ्यासाठी अर्ज. त्या उन्हाळ्यातून मिळणारी पक्की नोकरी सुरू होईपर्यंत अडीच वर्षं उलटलेली असतात. मला हे अजिबात पटत नाही. ज्यांच्या घरात वकील आहेत त्यांना हे वेळापत्रक आधीच ठाऊक असतं. घराण्यातली पहिली पदवीधर मुलगी ते शोधून काढेपर्यंत निम्म्या जागा भरून गेलेल्या असतात. तिच्या हुशारीत काही कमी नसतं, कमी पडतात ते चार-सहा आठवडे.

ज्यांचं जमतं त्यांचा उन्हाळा मात्र बघण्यासारखा. दहा आठवडे ‘समर असोसिएट’, पगार नव्या वकिलाचाच, आठवड्याला सुमारे ४,३२७ डॉलर. म्हणजे दर आठवड्याला ३ लाख ६७ हजार रुपये, दहा आठवड्यांचे जवळजवळ ३७ लाख, आणि पदवी अजून हातात नाही! शिवाय यातल्या शंभरातल्या पंचाण्णवांहून जास्त जणांना शेवटी कायमच्या नोकरीची ऑफर मिळते. म्हणजे खरी चाळणी ती वीस मिनिटांचीच.

हे पैसे येतात कुठून? सहा मिनिटांतून. मोठ्या फर्मचा वकील आपला दिवस तासाच्या दहाव्या भागात मोजतो, आणि प्रत्येक सहा मिनिटांची नोंद अशिलाच्या बिलावर चढते. बड्या भागीदारांचा दर तासाला २,००० डॉलरच्या पुढे गेला आहे, म्हणजे १ लाख ७० हजार रुपये. सहा मिनिटांचे १७ हजार! असा एक भागीदार संध्याकाळच्या डेक्कन क्वीनमध्ये लॅपटॉप उघडून बसलाय असं समजा. डायनिंग कारमधून कटलेट येईपर्यंत १७ हजार. कर्जत यायच्या आत दोन लाख. सव्वातीन तासांनी पुण्याला उतरताना साडेपाच लाख! नव्या वकिलांकडून फर्मना वर्षाला १,९०० ते २,००० तास हवे असतात. दोन हजार तास म्हणजे सहा मिनिटांचे वीस हजार तुकडे, डेक्कन क्वीनच्या सहाशेहून जास्त फेऱ्या. आणि प्रत्यक्षात ऑफिसात घालवलेले तास याहून कितीतरी जास्त, कारण जेवण, कॉफी, सहकाऱ्याशी गप्पा कुणाच्याच बिलावर चढत नाहीत.

आता रुपया-रुपयाची नाणी घेऊ आणि गावाकडच्या विहिरीवर जाऊ. वीस फूट रुंद, चाळीस फूट खोल, कोरडी ठणठणीत विहीर. नव्या वकिलाचा वर्षाचा पगार नाण्यांत ओतला तर तळाशी दोन फुटांचा थर बसेल. जेमतेम गुडघ्याच्या वर. शिकागोत १९०९ साली सुरू झालेल्या कर्कलंड अँड एलिस या फर्ममध्ये मालकीहक्काच्या एका भागीदाराच्या वाट्याला २०२४ मध्ये सरासरी ९० लाख डॉलरच्या पुढे रक्कम आली. ती ओता. एक विहीर काठोकाठ भरते, शेजारची दुसरीही भरत येते! आणि त्या फर्मची २०२४ ची सगळी कमाई, ८८० कोटी डॉलर? तिला लागतील अशा सुमारे १,९०० विहिरी. तालुक्यातल्या विहिरीच्या विहिरी नाण्यांनी बुजतील!

८८० कोटी डॉलर म्हणजे ७४,८०० कोटी रुपये. मुंबई महापालिकेचं, देशातल्या सगळ्यात श्रीमंत महापालिकेचं, २०२५-२६ चं अंदाजपत्रक होतं ७४,४२७ कोटींचं. रस्ते, पाणी, गटारं, रुग्णालयं, शाळा, किनारी रस्ता, सगळं त्यात. महापालिकेचे कर्मचारी लाखाच्या आसपास. कर्कलंडचे वकील साडेतीन-चार हजार, गर्दीच्या वेळच्या एका बारा डब्यांच्या लोकलमध्ये मावतील एवढे. एका लोकलभर माणसांची कमाई आणि अख्ख्या मुंबईचा खर्च, बरोबरीला!

ही कमाई वर्षाच्या मिनिटामिनिटावर वाटा, रात्री-अपरात्रीचीही मिनिटं धरून. दर वीस मिनिटांना २ कोटी ८४ लाख रुपये. म्हणजे उमेदवार हात मिळवून खुर्चीत बसतो, मूट कोर्टाबद्दल, म्हणजे कॉलेजातल्या सरावाच्या खटल्याबद्दल बोलतो, त्या एका कमी गुणाची सारवासारव करतो, ‘तुमचीच फर्म का’ ते सांगतो, आणि चौदावं मिनिट संपण्याआधीच फर्मनं त्याचा वर्षभराचा पगार कमावलेला असतो! घड्याळात अजून सहा मिनिटं शिल्लक असतात. अगदी त्याच वेळी समोरचा वकील विचारतो, ‘तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय?’